भिंतीवरच्या तारखा

चर्चमागच्या शेडमध्ये, आतल्या फळ्यांवर,
पेन्सिलीने तारखा लिहिल्यात, १९८७ पासूनच्या.
गवत कापायच्या यंत्राचं तेल बदललं
की बदलणाऱ्याने लिहायचं. एवढाच नियम.
तेवढ्यात तीन यंत्रं झाली, पाच पाद्री झाले,
आणि रविवारी येणारी माणसं
साठावरून अकरावर आली.

नॉर्थ डकोटात मे म्हणजे नुसता वारा.
शेवटच्या सोमवारी लोक येतील लांबच्या शहरांतून,
जुन्या सैनिकांच्या उशाशी छोटे झेंडे खोचतील.
त्याआधी गवत.
गवताआधी तेल.
मार्लिस टोलेफसन, वय एकाहत्तर,
डावा गुडघा नवा, उजवा रांगेत,
शेडमध्ये येते, पेन्सिल उचलते
आणि आधी तारीखच लिहून टाकते.

कोण बघतंय?
बावीस थडग्यांच्या आठ ओळी.
मागच्या वर्षीच्या तेलावर निघतील की तेवढ्या.

मग नजर वर जाते, जायचीच ती,
२००९ पाशी. हिल्मर नायगार्डचं अक्षर,
तिरकं, नेटकं, खजिनदाराचं.
सव्वीस वर्षं त्याने चर्चचे हिशेब ठेवले
डोळ्यांत तेल घालून.
एका सेंटचा फरक निघाला तर रात्री साडेनवाला फोन करायचा.
यंत्रात मात्र घातलं नव्हतं.

तिने त्या वर्षी झाकण फिरवून पट्टी ओढून पाहिली होती.
डांबर.
आणि भिंतीवर परवाची तारीख.
कुणाजवळ बोलली नाही.
तेव्हा गुडघे धड होते. खाली बसली,
बदललं,
भिंतीवर स्वतःचं काही लिहिलं नाही.
त्याची ओळ होतीच ना तिथे,
ती तेवढी खरी करून ठेवली.

का केलंस, हे विचारायचं राहून गेलं.
हिल्मर आता उत्तरेच्या ओळीत, कुंपणापासून तिसरा.
दर पंधरवड्याला ती त्याच्यावरून यंत्र ढकलत जाते
आणि दगडाच्या कोपऱ्याला पातं लागू नये म्हणून
जरा जास्तच सावकाश होते.

'बरं बाबा,' ती भिंतीला म्हणते.

पाच मिनिटं यंत्र चालवलं. ऊन तेल लवकर वाहतं.
बंद केलं. स्पार्क प्लगची वायर उपटून लांब ठेवली,
बोटं अजून लागतात, रविवारी ऑर्गन वाजवायला दुसरं कुणी नाही.
मग आडवं करायचं, एअर फिल्टर आभाळाकडे.
उलट्या कुशीवर पाडलं तर तेल नको तिथे शिरतं
आणि सुरू करताच अख्खी दफनभूमी धुरात.
(१९९४ साली झालं होतं तसं.
तारखेपुढे कुणीतरी लिहिलंय : माफ करा.)

खाली टर्की भाजायचा पोचे पडलेला ट्रे.
आधी धार, मग दोरा, मग थेंब,
मग थेंबाची वाट बघणं.
हा काळेपणा गवताचा नव्हे.
लोखंड लोखंडाशेजारी राहिलं की होतं हे,
कुणी वाईट वागलेलं नसलं तरी.

नवं तेल थोडं थोडं ओतते,
थांबते, पट्टी पुसते, बुडवते, काढते.
इतकं स्वच्छ की पट्टीवर दिसतच नाही,
दारातल्या उजेडात तिरकी धरून
चष्मा कपाळावर ढकलून बघावं लागतं.
खुणेला चिकटलंय. बास. वर एक थेंब नको.

उठताना शेडचा खांब धरला.
खांबावर बोटं उमटली. राहू देत.

जुनं तेल दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलं,
झाकण दोनदा आवळलं.
काउंटीच्या डेपोपर्यंत बारा मैल खडीचा रस्ता आहे,
म्हणून ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर
ताठ बसवलं त्याला
आणि सीटबेल्ट लावला.